डोंगर झिजविणारी आज्ञावली

भूगोल हा विषय कला शाखेत का, विज्ञान शाखेत का नाही, असे दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणी ना कोणी पालक मला विचारतोच. उत्तर देण्याच्या भानगडीत मी फारसा पडत नाही. परंतु गेली काही वर्षे मी ज्या कामात थोडेफार लक्ष घातले आहे ते पाहिले, तर शाखाशाखांमधल्या या भिंती किती तकलादू आहेत हे सहज ध्यानात येईल. म्हणून संपादकांनी वार्षिकासाठी लेख मागितला तेव्हा तोच विषय घ्यावयाचे ठरविले. पाऊस, ओढे, नद्या, दरडी यांनी पृथ्वीचा पृष्ठभाग कसा घडतो आणि मोडतो, हे संगणकावर करून पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी काही सॉफ्टवेअर तयार केले आहे आणि ते सर्वांना खुले करून दिले आहे. अशा सॉफ्टवेअरला 'ओपन सोर्स' म्हणतात. मराठीत 'मुक्तस्रोत' हा शब्द आता रुळला आहे, तोच मी वापरीन.

आपल्या अभ्यासक्रमात डेव्हिस येतो. विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलज्ञाने १८९९ मध्ये भूरूपांचे चक्र मांडले: तारुण्य, प्रौढावस्था आणि वार्धक्य. परीक्षेत दहा गुणांना हमखास येणारा प्रश्न! पण डेव्हिसच्याही आधी, १८७७ मध्ये, ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने युटामधील हेन्री पर्वतांवर एक अहवाल लिहिला होता. डेव्हिस हा कथाकार, तर गिल्बर्ट हा हिशेबनीस. पाण्याच्या अंगी गाळ वाहण्याची किती ताकद आहे, उतार वाढला तर ती किती वाढते, खडक किती दाद देतो, असा जमाखर्च तो मांडीत गेला. १९०९ मध्ये त्याने आणखी एक साधा प्रश्न घेतला. टेकड्यांचे माथे गोल का असतात? माथ्यापासून जसजसे खाली यावे तसतशी वरून सरकत येणारी माती वाढत जाते, आणि ती पुढे ढकलावयास उतारही वाढतच जावा लागतो, हे त्याचे उत्तर होते. मला विचाराल तर डेव्हिसचे चक्र पाठ करणाऱ्या दहा विद्यार्थ्यांपेक्षा गिल्बर्टचा हा एक युक्तिवाद समजलेला एक विद्यार्थी मला अधिक मोलाचा वाटतो. अडचण इतकीच होती की गिल्बर्टचा हिशेब एका टेकडीपुरता हाताने करता येतो. सबंध खोऱ्याचा, लाख वर्षांचा हिशेब हाताने होत नाही. त्यासाठी संगणक यावा लागला.

संगणक हे कसे करतो? आपल्या घरच्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण करा. सबंध प्रदेशावर समान अंतरावर ठिपके काढलेले आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक ठिपक्याजवळ एक आकडा लिहिला आहे: त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची. ठिपके जोडणाऱ्या रेषा म्हणजे माती आणि पाणी एकीकडून दुसरीकडे जाण्याच्या वाटा. प्रत्येक ठिपक्याभोवतीचा चौकोन म्हणजे त्याच्या मालकीचे शेत. बस्स, एवढाच संसार.

आता एका ओळीत तीन ठिपके घेऊ. अंतर दहा दहा मीटर. उंची अनुक्रमे १००, १०२ आणि १०१ मीटर. मधला ठिपका म्हणजे आपली टेकडी. माती उताराच्या प्रमाणात सरकते असे धरू आणि तिचा गुणांक वर्षाला ०.०१ चौरस मीटर घेऊ. डावीकडचा उतार दोनास दहा, म्हणजे ०.२, तिकडे एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून वर्षाला ०.००२ घनमीटर माती जाईल. उजवीकडे ०.१ उतार, म्हणून ०.००१. एकूण खर्च ०.००३ घनमीटर. तो मधल्या ठिपक्याच्या दहा चौरस मीटर शेतातून होतो, म्हणजे टेकडी वर्षाला ०.३ मिलिमीटर खाली येते. दोन हजार वर्षांत, हाच वेग धरला तर, साठ सेंटिमीटर. हे गणित आठवीतला मुलगाही करील. संगणक हेच लक्षावधी ठिपक्यांवर, न कंटाळता, पुन्हा पुन्हा करतो. एवढाच त्याचा पराक्रम.

मात्र येथे एक मेख आहे. घाई म्हणून दोन हजारांऐवजी एकदम वीस हजार वर्षांची उडी घेतली तर काय होईल? टेकडी सहा मीटर खाली येईल, म्हणजे ९६. ती माती शेजाऱ्यांच्या अंगावर पडून डावा ठिपका १०४ वर जाईल आणि उजवा १०३ वर. टेकडीच्या जागी खड्डा! निसर्गात माती सरकून टेकडीचा खड्डा कधी होत नाही. चूक निसर्गनियमाची नव्हे, उडीच्या लांबीची आहे. म्हणून अशा आज्ञावल्या लिहिणाऱ्याला भूगोल जितका यावा लागतो तितकेच गणितही यावे लागते, आणि एकट्यादुकट्याने लिहिलेल्या आज्ञावलीत असल्या मेखा वर्षानुवर्षे दडून राहू शकतात. मुक्तस्रोताचा मुद्दा खरे तर येथूनच सुरू होतो.

तो घेण्यापूर्वी नदीचे थोडे सांगितले पाहिजे, नाही तर चित्र अपुरे राहील. पाणी प्रत्येक ठिपक्यावरून आपल्या आठ शेजाऱ्यांपैकी ज्याच्याकडे सर्वांत तीव्र उतार आहे त्याच्याकडे जाते, ही सोपी रीत ओ'कॅलाहन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये मांडली. तशा वाटा जोडत गेले की ओढे, उपनद्या, नद्या आपोआप उमटतात आणि प्रत्येक ठिपक्यामागे किती पाणलोट क्षेत्र आहे हे मोजता येते. नदीचा तळ किती झिजेल ते मग तीन गोष्टींवरून ठरवितात: खडकाचा गुणांक, पाणलोट क्षेत्राचा एक घात आणि उताराचा एक घात. अनेक प्रदेशांतील अभ्यासांत पहिला घातांक दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की, पाणलोट चौपट झाला तर निम्म्या उतारावरही नदी पूर्वीइतकीच झीज करील. उगमाजवळ नद्या खडा उतार घेऊन धावतात आणि पुढे संथ का होतात, याचे एक उत्तर या लहानशा सूत्रात आहे. ही झीज मोजताना नदीच्या मुखापासून सुरुवात करून एकेक ठिपका वर चढत गेले, तर काळाची मोठी उडी घेऊनही हिशेब बिघडत नाही आणि वेळही फार वाचतो, हे ब्राउन आणि विलेट यांनी २०१३ मध्ये दाखविले. युक्ती साधी आहे, पण तिने या क्षेत्राचा वेगच बदलला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे हिशेब करणाऱ्या आज्ञावल्या विद्यापीठाविद्यापीठांतून लिहिल्या गेल्या. बहुतेकांची गत एकच. एखाद्या संशोधकाने प्रबंधासाठी तीनचार वर्षे खपून आज्ञावली लिहावी, निबंधात तिचे निष्कर्ष छापावेत, आणि तो नोकरीवर दुसरीकडे गेला की ती आज्ञावली कपाटात पडावी. पुढच्याने पुन्हा ठिपक्यांपासून श्रीगणेशा करावयाचा! यातील काही आज्ञावल्या मात्र टिकल्या. 'चाइल्ड' हे त्यांपैकी एक नाव. ग्रेग टकर, निकोल गॅस्परिनी आणि त्यांचे सहकारी यांनी ती 'सी प्लस प्लस' भाषेत रचली आणि २००१ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध झाला. आज्ञावली मोठी गुणी, पण एकसंध वाड्यासारखी. एक भिंत हलवावयाची तर सगळे घर हादरावयाचे.

२००७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डर येथे, भूपृष्ठाची प्रतिरूपे करणाऱ्या संशोधकांचा एक समाईक उपक्रम तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभा राहिला. त्याचे नाव लांबलचक आहे. 'सीएसडीएमएस' या आद्याक्षरांनीच तो ओळखला जातो. जेम्स सिव्हित्स्की हे त्याचे पहिले संचालक. जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावल्या एका ठिकाणी जमा करणे हे काम होतेच, पण त्याहून महत्त्वाचे काम त्या एकमेकींना जोडण्याचे होते. कोणी नदीची आज्ञावली फॉरट्रानमध्ये लिहिली आहे, कोणी किनाऱ्याची सी भाषेत. नदीने आणलेला गाळ किनाऱ्याच्या आज्ञावलीला द्यावयाचा कसा? यावर त्यांनी एक तोड काढली. प्रत्येक आज्ञावलीला ठराविक नावांच्या काही आज्ञा कळल्याच पाहिजेत: सिद्ध हो, एक पाऊल पुढे जा, अमुक राशीची किंमत सांग, अमुक किंमत घे, आवरते घे. आत काय चालते ते ज्याचे त्याने पाहावे. भिंतीवरच्या विजेच्या खोबणीसारखे हे आहे. पिना जुळल्या की पंखा कोणत्याही कंपनीचा असो, फिरतो.

याच वातावरणात 'लँडलॅब' जन्मास आले. टकर, गॅस्परिनी, एर्कान इस्तानबुल्लुओग्लू, डॅनियल हॉबली, एरिक हटन प्रभृतींनी वाड्याची कल्पना सोडून विटांची कल्पना धरली. ठिपक्यांची रांगोळी एकदाच, नीट, सर्वांसाठी लिहून ठेवावयाची. मग मातीचे सरकणे ही एक वीट, पाण्याचे वाहणे ही दुसरी, पाऊस तिसरी, वनस्पती चौथी. ज्याला जे हवे त्याने त्या विटा रचाव्यात, नसेल ती नवी पाडावी. भाषा निवडली पायथन. हे नाव अजगरावरून नव्हे तर एका इंग्रजी विनोदी दूरदर्शन मालिकेवरून पडले आहे, हे आमच्या इंग्रजी विभागाला आवडेल. लँडलॅबवरील मुख्य निबंध २०१७ मध्ये आला, दुसऱ्या आवृत्तीवरचा २०२० मध्ये.

आता 'मुक्त' म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, फुकट. फुकट तर आहेच, आणि आमच्यासारख्या विभागाला त्याचे महत्त्व कमी नाही. एका कंपनीकडून भूगोलविषयक सॉफ्टवेअरचे दरपत्रक मागविले होते, तो आकडा विभागाच्या वार्षिक अनुदानापेक्षा मोठा निघाला. पण खरी गोष्ट वेगळी आहे. लँडलॅबचा परवाना अगदी थोडक्यात सांगतो की ही आज्ञावली वाचा, वापरा, बदला, वाटा. आमचे नाव तेवढे राहू द्या, आणि काही बिघडल्यास आम्हांला जबाबदार धरू नका. 'वाचा' आणि 'बदला' हे दोन शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. ते का, हे आपल्या सह्याद्रीवरूनच सांगतो.

महाबळेश्वरच्या पठारावर कृष्णा आणि सावित्री जवळजवळ एकाच जागी उगम पावतात. कृष्णा पूर्वेकडे सुमारे चौदाशे किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री शंभरएक किलोमीटरांतच बाणकोटच्या खाडीत उतरते. दोघींना उतरावयाची उंची तीच, पण सावित्रीचा उतार किती तरी तीव्र. वर सांगितलेल्या सूत्राप्रमाणे पश्चिमेकडची झीज जोराची, म्हणून जलविभाजक हळूहळू पूर्वेकडे सरकावा, कडा मागे हटावा. हे आपण वर्गात तोंडी सांगतो. अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीची उंचीची आकडेवारी (ही मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत झाली) तीस मीटर अंतराच्या ठिपक्यांसह आपल्या भागासाठीही खुली झाली. ती घेऊन मी महाबळेश्वर ते पोलादपूर एवढा तुकडा लँडलॅबमध्ये घातला.

सूत्रात पाण्याच्या जागी पाणलोट क्षेत्र घातलेले असते, हे वाचकांच्या लक्षात असेल. म्हणजे सर्वत्र सारखा पाऊस पडतो असे गृहीत धरलेले आहे. पश्चिम न्यूयॉर्कमध्ये किंवा कोलोरॅडोच्या एखाद्या लहान खोऱ्यात ते चालून जाईल. आपल्याकडे महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास! येथे क्षेत्र म्हणजे पाणी हे समीकरण साफ कोसळते. कृष्णेच्या खोऱ्यात पूर्वेकडे जावे तसे क्षेत्र वाढत राहते, पण त्या वाढीव क्षेत्रातून येणारे पाणी तुटपुंजे असते. बंद पेटीसारखे सॉफ्टवेअर असते तर तिच्या पोटात असे काही गृहीत आहे हे मला कळलेही नसते. नकाशा सुरेख रंगीत आला असता आणि मी तो भिंतीवर लावला असता. लँडलॅबची पाणी साठविणारी वीट मी उघडून वाचली. तिच्यात प्रत्येक ठिपक्यावर किती पाणी पडते ते वेगळे देण्याची सोय लिहिणाऱ्यांनी ठेवलेलीच होती. पर्जन्यमापकांच्या आकड्यांवरून एक ढोबळ पावसाचा थर करून तो दिला, तशी पूर्वेकडच्या नद्यांची बढाई कमी झाली आणि घाटमाथ्याच्या ओढ्यांना त्यांचे योग्य मोल मिळाले. हे काही संशोधन नव्हे. पण दुसऱ्या खंडात लिहिलेली आज्ञावली आपल्या मुलखाच्या मापाची करून घेता येते, हा अनुभव मला मोठा वाटला.

अशा प्रतिरूपांवर काय अवलंबून असते, याचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराच्या दक्षिणेस, वेस्ट व्हॅली नावाचे ठिकाण आहे. तेथे १९६६ ते १९७२ या काळात अणुभट्ट्यांतील वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारा कारखाना चालला. कारखाना सहा वर्षांत बंद पडला, किरणोत्सर्गी कचरा मात्र राहिला; काही जमिनीत पुरलेला. जागा हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीच्या पठारावर आहे आणि पठाराला भोवतालचे ओढे कुरतडीत आहेत. ओघळी मागे मागे सरकत कचऱ्यापर्यंत पोहोचतील काय, आणि केव्हा? हजारो वर्षांचा प्रश्न. प्रयोग करून पाहण्याची सोय नाही. कॅथरिन बार्नहार्ट, टकर आणि त्यांच्या गटाने लँडलॅबच्या विटांवर रचलेल्या एका संचातून याचा अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्यावरचे निबंध प्रसिद्ध केले. संचाचे नाव 'टेरेनबेंटो'. बेंटो म्हणजे जपानी लोकांचा कप्प्याकप्प्यांचा जेवणाचा डबा. त्यांनी एकच प्रतिरूप खरे मानले नाही. दोन डझनांहून अधिक निरनिराळी प्रतिरूपे केली: कोणात मातीचा थर वेगळा धरला, कोणात पाऊस अनिश्चित धरला, कोणात खडकाचे दोन प्रकार. हिमनदी हटल्यानंतरचा, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीचा भूप्रदेश अंदाजाने उभा करून प्रत्येक प्रतिरूप आजपर्यंत चालविले आणि आजच्या खऱ्या भूरूपाशी ताडून पाहिले. जी पास झाली तीच पुढच्या दहा हजार वर्षांसाठी वापरली, आणि उत्तराबरोबर ते किती अनिश्चित आहे व ती अनिश्चितता कशामुळे आहे हेही मांडले. पूर्वानुमान करणाऱ्याने एवढी कबुली द्यावी, हे मला फार आवडले. अशा प्रश्नात आज्ञावली उघडी असणे ही चैन नव्हे. त्या ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाला, किंवा त्याच्या वतीने एखाद्या जाणकाराला, हिशेबाची ओळ न् ओळ तपासता आली पाहिजे.

असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे बरेचसे श्रम वरून दिसत नाहीत. नवी वीट घातली की तिची चाचणी लिहावी लागते. वर टेकडीचे उदाहरण दिले तसे, ज्याचे उत्तर कागदावर आधीच माहीत आहे असे एखादे सोपे कोडे आज्ञावलीला घालावयाचे, आणि कोणी कोठेही एक अक्षर बदलले की सगळी कोडी आपोआप पुन्हा सोडवून घ्यावयाची. एक जरी उत्तर चुकले तरी बदल आत येत नाही. मग माहितीपत्रे लिहावयाची, राशींची नावे ठरवावयाची (या नावांवरून वाद किती होतात ते व्याकरणकारांनाच कळेल), पायथनची नवी आवृत्ती निघाली की जुने दुरुस्त करावयाचे. या कामाला मान कोण देणार? नेमणुकीच्या वेळी समित्या निबंध मोजतात. चाचण्या कोणी मोजीत नाही. २०१६ मध्ये केवळ मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठीच एक शोधपत्रिका निघाली, जिच्यात निबंधापेक्षा आज्ञावलीचीच तपासणी होते. त्यामुळे तरुणांची थोडी सोय झाली आहे. थोडीच. आपल्याकडे तर अशा कामाला 'इतर' या रकान्यातही जागा मिळण्याची मारामार.

शेवटी दरडींविषयी लिहितो, कारण विद्यार्थी सर्वांत आधी तेच विचारतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. लँडलॅबमध्ये दरडीच्या शक्यतेची एक वीट आहे. वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ कॅस्केड्स पर्वतांसाठी ती वापरल्याचा निबंध २०१८ मध्ये आला. तिची रीत अशी: उतारावरच्या मातीला धरून ठेवणाऱ्या बळाचे खाली खेचणाऱ्या बळाशी गुणोत्तर काढावयाचे, ते एकाच्या खाली गेले की उतार ढासळतो. मातीची खोली, तिची चिकटण्याची शक्ती, झाडांच्या मुळांची पकड, पाण्याची भर हे आकडे पक्के माहीत नसतात, म्हणून संभाव्य मर्यादांत ते हजारो वेळा बदलून पाहावयाचे आणि कितीदा ढासळले त्यावरून शक्यता सांगावयाची. मग आपण ती सह्याद्रीवर का चालवीत नाही, असे मुले विचारतात. चालविता येते. उतार अवकाशातून मिळतो, पाऊस पर्जन्यमापकावरून. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे सरकारी निर्बंधही बरेच सैल झाले आहेत. पण कोणत्या उतारावर मातीचा थर किती जाड आहे, हा आकडा कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. त्याच्यावाचून ती वीट जे उत्तर देईल ते नकाशावर शोभून दिसेल, पण त्याच्या भरवशावर एखाद्या वाडीला 'तुम्ही सुरक्षित आहात' असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

म्हणून आमच्या विभागाने सध्या अगदी जुन्या पद्धतीचे काम हाती घेतले आहे. तृतीय वर्षाची मुले सुट्टीत आपापल्या गावी जातात, त्यांतील बरीचशी जावळी आणि पाटण भागातली. त्यांना एक टोकदार लोखंडी गज, टेप आणि वही दिली आहे. घरामागच्या उतारावर गज ठोकावयाचा, खडक लागेपर्यंत. किती आत गेला ते लिहावयाचे, आणि भ्रमणध्वनीवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश. वहीत चार रकाने आहेत. संगणकावर ती आकडेवारी चढविण्याचे काम द्वितीय वर्षाच्या दोन मुलींनी घेतले आहे, आणि ज्यांना पायथन शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी भूगोलाची प्रयोगशाळा उघडी असते. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, कोणत्याही विभागाच्या विद्यार्थ्याने यावे.